तीस माणसं आणि कोट्यवधी त्रिकोण

फ्रान्सच्या दक्षिणेला माँपेलिए नावाचं शहर आहे. तिथल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओचा ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३’ हा पहिलाच गेम २४ एप्रिल २०२५ रोजी बाजारात आला आणि तीन दिवसांत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात त्यानं वर्षातल्या सर्वोत्तम गेमच्या मानासह नऊ पुरस्कार पटकावले. या काळात सगळीकडे एकच आकडा ऐकू येत होता: स्टुडिओत माणसं जेमतेम तीस. तडे जाऊन अधांतरी लटकलेलं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसची आठवण करून देणारं शहर, पाकळ्या होऊन वाऱ्यावर विरून जाणारी माणसं, चेहऱ्यावरची बारीकशी थरथर, हे सगळं या दर्जाचं उभं करायला मोठ्या कंपन्या शेकड्यांनी माणसं लावतात.

तिसांना ते कसं जमलं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘अनरियल इंजिन ५’, म्हणजे गेम बांधायचं तयार सॉफ्टवेअर. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. याच इंजिनावर कॅलिफोर्नियातल्या असेंडंट स्टुडिओजनं कितीतरी मोठ्या भांडवलावर ‘इमॉर्टल्स ऑफ एव्हियम’ हा गेम केला. तो ऑगस्ट २०२३ मध्ये आला, फारसा खपला नाही आणि महिनाभरातच स्टुडिओला जवळपास निम्मी माणसं कमी करावी लागली. हत्यार दोघांचं तेच होतं. म्हणून या हत्यारानं माणसाच्या हातातलं कोणतं काम काढून घेतलं आणि कोणतं तसंच ठेवलं, हे नीट पाहायला हवं.

ॲनिमेशनपटातलं एक चित्र तयार करायला संगणकानं कित्येक तास घेतले तरी चालतं, कारण प्रेक्षक ते नंतर पाहणार असतो. गेममध्ये खेळणारा पुढच्या क्षणी कुठे वळेल हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे प्रत्येक चित्र तिथल्या तिथे काढावं लागतं. सेकंदाला ६० चित्रं द्यायची तर एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात पात्रांच्या हालचाली, शत्रूची चाल, आवाज हे सगळं उरकून ४के पडद्यावरच्या सुमारे ८३ लाख ठिपक्यांना रंग द्यायचा असतो.

पडद्यावर दिसणारी प्रत्येक वस्तू त्रिकोणांची बनलेली असते. त्रिकोण जितके जास्त तितकी वस्तू गोलाईदार आणि खरी, पण ग्राफिक्स कार्डावरचा भारही तितकाच जास्त. यावर वर्षानुवर्षं चालत आलेला उपाय असा. कलाकार आधी लाखो त्रिकोणांची तपशीलवार मूर्ती घडवतो. मग तिचीच काही हजार त्रिकोणांची हलकी आवृत्ती बनवतो. मूळ मूर्तीच्या खाचाखोचा एका चित्रात साठवून ते चित्र हलक्या मूर्तीवर असं चढवतो, की प्रकाश पडला की खाचा असल्याचा भास व्हावा. एवढ्यावरही भागत नाही. तीच वस्तू दुरून दिसेल तेव्हासाठी आणखी हलक्या तीन-चार आवृत्त्या लागतात; या धंद्यात त्यांना ‘एलओडी’ म्हणतात. हे प्रत्येक दगडासाठी, प्रत्येक खुर्चीसाठी, रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्यासाठी करायचं. नीट झालं तर खेळणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. बिघडलं तर चालता चालता समोरचं झाड टचकन बदलतं आणि तो हसतो.

या धंद्याशी भारताची पहिली ओळख झाली ती बरीचशी याच कामातून. बेंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह, गुरुग्रामची लक्ष्य डिजिटल अशा कंपन्या परदेशी गेमसाठी गाड्या, इमारती, शस्त्रं, पात्रं घडवून देत. पुढे, २०१९ मध्ये, ध्रुव ‘जीटीए’वाल्या रॉकस्टारनं विकत घेतली. तीस माणसांच्या स्टुडिओकडे मात्र अशा कामासाठी ना वेगळा विभाग असतो, ना ते बाहेर सोपवायला फारसे पैसे.

१३ मे २०२० रोजी एपिक गेम्सनं अनरियल ५ चं पहिलं प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा लोकांचं लक्ष ज्या एका पुतळ्यावर खिळलं त्यात ३ कोटी ३० लाखांहून जास्त त्रिकोण होते. पुढच्या दालनात तसे जवळपास पाचशे पुतळे रांगेनं उभे होते. त्रिकोणांची बेरीज १,६०० कोटींच्या घरात. आणि हे सगळं घरगुती प्लेस्टेशन ५ वर चालत होतं.

या करामतीचं नाव ‘नॅनाइट’. एपिकचे अभियंते ब्रायन कॅरिस यांनी अनेक वर्षं या प्रश्नाचा पाठलाग केला होता. मूळ विचार सोपा आहे: पडद्यावर ठिपकेच मोजके असतील तर त्याहून फार जास्त त्रिकोण काढण्यात अर्थ नाही. म्हणून वस्तू इंजिनात आणतानाच तिचे १२८ त्रिकोणांचे छोटे गट पाडले जातात. शेजारचे गट एकत्र करून, सोपे करून वरचा थर बनतो, त्यावर आणखी सोपा थर, असं एक झाडच तयार होतं. मग प्रत्येक चित्राच्या वेळी इंजिन प्रत्येक तुकड्यासाठी असा थर निवडतं, की मूळ आकारापासूनचा फरक एका ठिपक्याहून कमी राहील. त्यामुळे एकाच पुतळ्याचं नाक अगदी बारीक त्रिकोणांचं आणि मागचा खांदा ढोबळ, असंही होऊ शकतं, आणि डोळ्याला ते कळत नाही. प्रात्यक्षिकात एका चित्रात येणारे मूळचे शंभर कोटींहून जास्त त्रिकोण गाळून चाळून साधारण दोन कोटीच उरत होते.

इथे एक मजेदार गोष्ट आहे. ग्राफिक्स कार्डातली त्रिकोण भरणारी यंत्रणा दोन-बाय-दोन ठिपक्यांच्या चौकटीत काम करते. त्रिकोणच एका ठिपक्याएवढा झाला की तिची बरीच मेहनत वाया जाते. म्हणून नॅनाइट बारीक त्रिकोणांसाठी कार्डातली ती खास यंत्रणा बाजूला ठेवतं आणि आपल्या स्वतःच्या प्रोग्रॅमनं ते भरतं. खास यंत्रणेपेक्षा साधा प्रोग्रॅम वेगवान ठरावा, असं संगणकाच्या जगात रोज घडत नाही. नॅनाइट सर्वगुणसंपन्न मात्र नाही. पानं, गवत, चालतीबोलती पात्रं यांच्यापाशी ते सुरुवातीला अडखळत होतं. ती कसर पुढच्या आवृत्त्यांमध्ये हळूहळू भरून निघत आहे.

दुसरं मोठं काम प्रकाशाचं. खिडकीतून ऊन लाल फरशीवर पडलं की समोरच्या पांढऱ्या भिंतीवरही लालसर छटा येते. डोळ्याला ही इतकी सवयीची गोष्ट आहे की ती नसली तर चित्र ‘प्लॅस्टिकचं’ वाटतं. तिचं गणित जुनं आहे. बेल लॅब्जमधल्या टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये प्रकाशकिरणांचा माग काढत काचेच्या गोळ्यांचं चित्र काढून दाखवलं. त्या काळच्या व्हॅक्स संगणकाला त्या एका चित्रासाठी ७४ मिनिटं लागली. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी प्रकाशाची सगळी उधळण एका समीकरणात बसवली. समीकरण हाती होतं; ते १६.७ मिलिसेकंदांत सोडवायचं कसं, हा पेच पुढची तीन दशकं सुटला नाही.

तोवर गेमवाले ‘बेकिंग’ करत. प्रकाश कुठून कुठे परावर्तित होईल याचा हिशेब आधीच, रात्र रात्र संगणक चालू ठेवून करायचा आणि तो भिंतींवर रंगासारखा चिकटवून टाकायचा. दिसायला छान, पण सकाळी दिग्दर्शक म्हणाला की खिडकी जरा डावीकडे घ्या, की पुन्हा रात्र घालवायची. ऑगस्ट २०१८ मध्ये एनव्हिडियानं किरणांचा माग काढणारी वेगळी यंत्रणा असलेली आरटीएक्स कार्डं जाहीर केली आणि तिथून चित्र पालटू लागलं. अनरियल ५ मधली ‘ल्युमेन’ ही प्रणाली तर अशा यंत्रणेशिवायही चालते. ती खऱ्या त्रिकोणांऐवजी वस्तूच्या ढोबळ प्रतिकृतीवर किरण सोडते, पृष्ठभागावर पडलेला प्रकाश साठवून ठेवते आणि दर चित्राला थोडेच किरण सोडून बाकीची भर आधीच्या चित्रांतून घालते. म्हणूनच ल्युमेनच्या गेममध्ये दिवा अचानक विझवला तर उजेड विरायला क्षणभर लागतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यात बारीक चुळबुळ दिसते. एकदा लक्षात आलं की ती दिसतच राहते.

माझ्या मते लहान स्टुडिओला झालेला खरा लाभ चित्राच्या सौंदर्यापेक्षा इथे आहे. खिडकी हलवली की परिणाम लगेच समोर. नाही आवडलं, पुन्हा हलवा. ज्यांच्याकडे माणसं कमी त्यांना चुकून पाहणं सर्वांत महाग पडतं. ते स्वस्त झालं. सँडफॉलनं गेमच्या खेळाचा बहुतांश तर्कही अनरियलच्या ‘ब्ल्यूप्रिंट’मध्ये, म्हणजे ओळींचा कोड लिहिण्याऐवजी चौकटी तारांनी जोडून बांधला. प्रोग्रॅमर मोजकेच असताना डिझायनरनं स्वतःच लढाईचा डाव रचून पाहावा, अशी सोय त्यातून झाली.

सगळेच अनरियलच्या वाटेनं जातात असंही नाही. स्वीडनमधल्या माल्मोचे डेनिस गुस्ताफसन यांनी ‘टीअरडाउन’साठी स्वतःचं इंजिन लिहिलं. त्या गेममध्ये जवळजवळ सगळं फोडता येतं: भिंत, छप्पर, जिना. सगळं जग बारीक घनांचं बनलेलं आहे आणि एका घनाची बाजू दहा सेंटिमीटर. भिंतच उद्या राहणार नसेल तर तिच्यावर आधी भाजून चिकटवलेला प्रकाश काय कामाचा? तेव्हा सावल्या आणि प्रतिबिंबं जागच्या जागी काढणं भागच होतं. घनांमधून किरण पुढे सरकवणं त्रिकोणांपेक्षा सोपं असल्यानं हे आरटीएक्सच्या खास यंत्रणेविनाच जमलं. इथे ग्राफिक्सचं तंत्र शोभेसाठी आलेलं नाही. त्याच्याविना हा खेळ उभाच राहिला नसता. मला विचाराल तर नॅनाइटच्या पुतळ्यांपेक्षा हे काम जास्त देखणं आहे.

तिसरी सोय आयत्या सामानाची. पोलंडच्या द ॲस्ट्रोनॉट्स या आठेक जणांच्या स्टुडिओनं २०१४ मध्ये ‘द व्हॅनिशिंग ऑफ इथन कार्टर’ काढला, तेव्हा त्यातले दगड आणि भिंती पाहून भलेभले चकित झाले. त्यांनी खऱ्या दगडाचे, खऱ्या भिंतीचे सर्व बाजूंनी ढीगभर फोटो काढले होते. एकमेकांवर येणाऱ्या फोटोंमधल्या खुणा जुळवून सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या जागा आणि वस्तूची खोली काढतं, त्यातून त्रिमिती आकार मिळतो. या पद्धतीला फोटोग्रामेट्री म्हणतात. खऱ्या भिंतीवरचा ओघळ जिथून पाणी गळतं तिथूनच आलेला असतो. कल्पनेनं रंगवलेल्या भिंतीत नेमकं हेच हुकतं. पुढे स्वीडनच्या क्विक्सेलनं अशा स्कॅन केलेल्या दगड-माती-झाडांचं भांडारच उभारलं. एपिकनं नोव्हेंबर २०१९ मध्ये ती कंपनी घेतली आणि अनरियल वापरणाऱ्यांना भांडार कैक वर्षं फुकट दिलं. माणसाच्या चेहऱ्यासाठी ‘मेटाह्युमन’ आलं, तेही सँडफॉलनं वापरलं. तोटा उघड आहे: सगळ्यांचे दगड एकाच भांडारातले असले की गेमही एकमेकांचे सख्खे भाऊ दिसू लागतात. गेल्या दोन-तीन वर्षांत ओल्या दगडांची, धुक्याची आणि मावळतीच्या उन्हाची इतकी जंगलं येऊन गेली की कोणतं कुठलं ते आठवत नाही.

हत्यारानं न सोडवलेला प्रश्न हा: काय बनवायचंच नाही? केंब्रिजच्या निंजा थिअरीनं २०१७ मध्ये ‘हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस’ साधारण वीस जणांत केला. देखावे रचणारा कलाकार एकच. अभिनयाची हालचाल टिपायला स्वतंत्र स्टुडिओ परवडणारा नव्हता, तेव्हा त्यांनी कार्यालयातल्या मीटिंगच्या खोलीत आयकियाच्या कपाटाचे दांडे उभारून त्यांवर कॅमेरे बसवले. नायिका सेनुआच्या भूमिकेसाठी मेलिना युर्गन्स ही स्टुडिओतलीच व्हिडिओ संपादक उभी राहिली, सुरुवातीला केवळ यंत्रणा तपासण्यासाठी. पुढे त्याच भूमिकेसाठी तिला बाफ्टा पुरस्कार मिळाला. सगळा जीव त्या एका चेहऱ्यावर ओतला. इतर पात्रं घडवण्याऐवजी खऱ्या नटांचं चित्रीकरण करून ते धूसर आठवणींसारखं दृश्यात मिसळलं. कथा भ्रम आणि आवाजांनी ग्रासलेल्या मनाची असल्यानं ती काटकसर कथेचाच भाग वाटते. पैसे वाचले, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

‘एक्स्पिडिशन ३३’ही असंच आहे. सार्वजनिक गणपतीच्या देखाव्यामागे गेलं की बांबू, सुतळी आणि गोणपाट दिसतं. देखावा पाहणाऱ्यानं कुठे उभं राहायचं ते मंडळानं ठरवलेलं असतं. सँडफॉलनं पाळीपाळीनं खेळायची लढाई निवडली, म्हणजे कॅमेरा त्यांच्या ताब्यात राहिला. सगळीकडे भटकता येईल असं अवाढव्य जग करण्याऐवजी लहान लहान प्रदेश नीट सजवले आणि त्यांना जोडायला जुन्या जपानी गेमसारखा खेळण्यातल्या नकाशाएवढा जगाचा पसारा दिला, ज्यावर पात्रं डोंगराएवढी दिसतात. खेळता येणारी पात्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि ‘तीस’ या आकड्यातही थोडी मेख आहे. लढाईतल्या हालचाली कोरियातल्या ॲनिमेटरांनी केल्या, चाचणीचं काम बाहेर दिलं, वादक आणि नट वेगळे, प्रकाशक केप्लर इंटरॅक्टिव्हचं पाठबळ वेगळं. श्रेयनामावली तिसांवर थांबत नाही. तीस माणसांनी निर्णय घेतले, असं म्हणणं जास्त खरं. डिसेंबर २०२५ मध्ये ‘इंडी गेम अवॉर्ड्स’नं या गेमला दिलेले दोन पुरस्कार परत घेतले, कारण निर्मितीत जनरेटिव्ह एआयनं बनवलेली काही तात्पुरती चित्रं वापरली गेली होती. स्टुडिओनं ती गेम आल्यावर काही दिवसांतच काढून टाकली होती. हात कमी असले की वाचवलेला प्रत्येक तास मोहात पाडतो, एवढं त्यातून दिसतं.

या सगळ्याचं बिल कोण भरतं, हे फारसं बोललं जात नाही. कलाकाराचे जे कष्ट नॅनाइट आणि ल्युमेन वाचवतात, ते खेळणाऱ्याच्या ग्राफिक्स कार्डावर जातात. पूर्वी स्टुडिओत एकदा भाजून ठेवलेला प्रकाश आता प्रत्येक घरातलं कार्ड सेकंदाला साठ वेळा काढत बसतं. ते झेपावं म्हणून डीएलएसएस, एफएसआर यांसारखी तंत्रं येतात. चित्र १०८० रेषांत, म्हणजे ४केच्या चौथ्या हिश्शाइतक्या ठिपक्यांतच काढायचं आणि उरलेले तीन हिस्से आधीच्या चित्रांवरून अंदाजानं भरायचे. हे बहुतेक वेळा आश्चर्यकारक जमतं. पण मूळ अटीच अशा, की पाच-सहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप दाराबाहेर राहतो. आपल्याकडे बहुतेक जण मोबाइलवर खेळतात आणि चांगल्या ग्राफिक्स कार्डाची किंमत अनेकांच्या महिन्याच्या पगाराहून जास्त असते. तेव्हा ‘तंत्रज्ञानानं गेम बनवणं सर्वांच्या आवाक्यात आणलं’ या वाक्यातले ‘सर्व’ कोण, हे विचारायला हवं.

इंजिन दुसऱ्याचं, ही दुसरी जोखीम. अनरियलची अट तशी सौम्य आहे: एका गेमची पहिली दहा लाख डॉलरची कमाई माफ, त्यापुढे पाच टक्के. पण अटी बदलू शकतात. लहान स्टुडिओंचं लाडकं इंजिन असलेल्या युनिटीनं सप्टेंबर २०२३ मध्ये अचानक जाहीर केलं, की ठरावीक मर्यादेपुढे गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क पडेल, आधीच विकल्या जात असलेल्या गेमनाही. गहजब झाला, महिन्याभरात मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले, वर्षभरानं ते शुल्कच रद्द झालं. तोवर अनेकांनी अर्जेंटिनात जन्मलेल्या, पूर्णपणे मुक्त अशा ‘गोडो’ इंजिनाची वाट धरली होती. ‘स्ले द स्पायर’ या पत्त्यांच्या गेमच्या कर्त्यांनी त्याचा पुढचा भाग तिकडेच हलवला. गोडोत नॅनाइट नाही. पत्त्यांच्या गेमला ते लागतही नाही.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. सर्कशीत काम करणारी मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू आणि तिच्या मागे उभी असलेली दुर्गा, अशी गोष्ट. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम फसली होती. तरी मंडळी थांबली नाहीत. इंजिन अनरियल ४, नॅनाइट-ल्युमेनच्या आधीचं. कॅमेरा दूर, उंचावर ठेवलेला, त्यामुळे राजस्थानी धाटणीचे महाल आणि गोपुरं भव्य दिसतात आणि चेहऱ्यांचा जवळून तपशील लागत नाही. रंग पहाडी लघुचित्रांच्या वळणाचे, हातानं रंगवलेले. गोष्ट पुढे नेणारे प्रसंग चामड्याच्या बाहुल्यांच्या छायाखेळातून दाखवले आहेत: ओठांची हालचाल नको, कपड्यांच्या चुण्या नकोत, आणि तरी हा प्रदेश कुठला ते पहिल्या नजरेत कळतं. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनांत ‘राजी’चं नाव होतं, आणि तो निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे २०१५ सालच्या मोबाइल-टॅब्लेटसाठी केलेल्या चिपवर चालतो.

आता याच स्टुडिओनं पुढचा भाग, ‘राजी: कलियुग’, जाहीर केला आहे. तो येईल तेव्हा नवं तंत्र त्यात किती आहे याची चर्चा होईलच. त्याआधी पहिला ‘राजी’ खेळून घ्या. जुन्या लॅपटॉपवरही चालून जाईल.